पिल्लू वाळताच नर-मादी ओळखा: पट्टेदार कोंबडी आणि तांबड्या कोंबड्याची जोडी

अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्याला नर पिल्लं नको असतात, पण तुरा वर येईपर्यंत पाच-सहा आठवडे त्यांनाही खाद्य घालावंच लागतं. जोडी नीट लावली तर पहिल्याच दिवशी नुसतं डोकं पाहून निवड करता येते. केंब्रिजचे आनुवंशिकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी पहिल्या महायुद्धातल्या धान्यटंचाईत हाच उपाय सुचवला होता.

जोडी अशी: कोंबडा तांबड्या रोड आयलंड रेड जातीचा, कोंबड्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या प्लायमाऊथ रॉक जातीच्या. उलटी जोडी चालत नाही. कोंबड्याकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. आपलं झेड ती फक्त लेकाला देते, लेकीच्या वाट्याला डब्ल्यू येतं. पट्ट्यांचं जनुक झेडवर असतं आणि ते प्रबळ असल्यामुळे एक प्रत पुरते. त्यामुळे पट्टेदार आईचे सगळे लेक पट्टेदार निघतात, आणि पहिल्या दिवशी ते डोक्यावरच्या फिक्या ठिपक्यावरून ओळखू येतात. लेकींना झेड मिळतं ते बापाकडचं, बिनपट्ट्याचं. म्हणून आईकडून आलेल्या काळ्या रंगावर पट्टे न उमटता त्या काळ्याच राहतात. शुद्ध पट्टेदार कोंबडा घेतलात तर तो लेक-लेकी दोघांनाही पट्टे देतो आणि सगळी पिल्लं एकसारखी दिसतात.

कोंबड्या निवडताना एक पीस उपटून पाहा. पट्टे पिसाच्या टोकापासून कातडीजवळच्या मऊ भागापर्यंत आडवे गेलेले हवेत. गावठी कोंबड्यांमध्ये पट्ट्यांसारखी दिसणारी नक्षी पुष्कळ असते. ती वेगळ्या जनुकांची, झेडशी संबंध नसलेली असते आणि तिच्यामुळे डोक्यावर ठिपका येत नाही. अंगाचा मूळ रंगही काळाच हवा. तांबूस अंगावर पट्टे असलेल्या कोंबडीच्या पिल्लांचा ठिपका फिक्या लवेत हरवतो.

पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या इथे घेऊ नका. त्यांच्यात पांढऱ्या रंगाचं प्रबळ जनुक असतं. ते काळा रंग झाकून टाकतं आणि पिल्लं जवळजवळ सगळीच पांढरट येतात.

८ ते १० कोंबड्यांमागे एक कोंबडा ठेवा. त्याआधी या कोंबड्या किमान ३ आठवडे कुठल्याही कोंबड्यापासून दूर ठेवायला हव्यात, कारण आधीच्या नराचं वीर्य त्यांच्या अंगात दोन-तीन आठवडे टिकतं. ही पायरी गाळली की पहिल्या घाण्यात भलत्याच रंगाची पिल्लं निघतात आणि दोष नव्या कोंबड्यावर येतो. कोंबडा सोडल्यावर ७ ते १० दिवसांनी उबवणीची अंडी गोळा करायला लागा. अंडी निमुळतं टोक खाली करून गार जागी ठेवा आणि आठवड्याच्या आत उबवायला लावा.

पंख्याच्या उबवणी यंत्रात तापमान ३७.५ अंश आणि १८व्या दिवसापर्यंत आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवा आणि अंडी फिरवत राहा. नंतर अंडी फिरवणं थांबवून आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर न्या. खुडूक कोंबडीखाली ठेवली तरी चालतात.

२१व्या दिवशी पिल्लं बाहेर येतील. लव पूर्ण वाळू द्या. ओली लव डोक्याला चिकटलेली असते, तेव्हा ठिपका नीट दिसत नाही. मग पिल्लू तळहातावर घेऊन चांगल्या उजेडात मागून डोक्याकडे पाहा. नराच्या माथ्यावर, जरा मागच्या बाजूला, पिवळसर-पांढरा ठिपका असतो. कडा विस्कटलेल्या, आकार कधी मुगाएवढा, कधी हरभऱ्याच्या डाळीएवढा. मादीचं डोकं सलग काळं. पोट आणि पंखांची टोकं मादीचीही पांढरट असतात, त्यावरून ठरवायला गेलात तर चांगल्या तलंगा नरांच्या खोक्यात जातील. शंका वाटली तर पाय पाहा: मादीचे सहसा जास्त गडद असतात.

पहिल्या खेपेला नर-माद्यांच्या पायात वेगळ्या रंगाच्या रिंगा घाला आणि ६ ते ८ आठवड्यांनी तुऱ्यावरून पडताळा घ्या. पाय जाड होतात तशा रिंगा बदला, नाहीतर त्या मांसात रुततात. मोठेपणी नर पट्टेदार होतील. माद्या काळ्याच, पण मानेवर तांबूस झाक येईल, कारण त्यांना सोनेरी रंगाचं जनुकही बापाच्या झेडवरूनच मिळतं.

काळा कडकनाथ कोंबडा वापरूनही ठिपक्याची खूण मिळते, पण काळ्या मांसासाठी ही जोडी लावू नका. कातडीतला काळेपणा दाबणारं जनुकही झेडवरच असतं. ते प्लायमाऊथ रॉक आईकडून लेकांना मिळतं, म्हणून काळेपणा उतरतो तो माद्यांमध्ये. नर बरेच फिके निघतात.

या संकरातली पिल्लं आपसात जुळवू नका. संकरित नराकडे पट्ट्यांची एकच प्रत असते, त्यामुळे त्याच्या निम्म्या लेकांना आणि निम्म्या लेकींनाही ठिपका येतो. दरवर्षी ही पिल्लं हवी असतील तर शुद्ध तांबडा आणि शुद्ध पट्टेदार असे दोन कळप वेगळ्या खुराड्यांत वाढवावे लागतात.