झोंबीपट काढताय? रक्ताआधी आवाज सांभाळा, आणि या चुका टाळा

सोलापुरातल्या कॉलेजच्या पोरांनी काढलेला एक झोंबीपट नुकताच बघितला. नावं लिहीत नाही. पहिलाच प्रयत्न आहे, हौस दांडगी आहे आणि पुढचा ते काढणारच. पिक्चर मात्र फसला. कशामुळे फसला ते बघितलं तर मोबाइलवर शूट केलेल्या बहुतेक झोंबीपटांत त्याच चुका सापडतील.

पहिली गफलत विषय निवडतानाच होते. झोंबीला संवाद नसतात, अभिनय लागत नाही, मित्रांच्या तोंडाला पीठ फासलं की भागलं, असा हिशेब असतो. पण प्रेक्षक झोंबींना कंटाळत नाही, जिवंत माणसांना कंटाळतो. या पिक्चरमध्ये चार मित्र एका बंद गोदामात शिरतात आणि पुढचा अर्धा तास एकमेकांना ‘आता काय करायचं?’ विचारत बसतात. कुणाला काही हवंच नाही. अमेरिकी दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोचा १९६८ चा झोंबीपट ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ साधारण १ लाख १४ हजार डॉलरमध्ये झाला, म्हणजे हॉलीवूडच्या मानाने फुटकळ पैशात. त्यात माणसं एका शेतघरात अडकतात आणि भांडतात ती कशावरून? तळघरात दडायचं, की वर राहून दारं-खिडक्यांना फळ्या ठोकायच्या. मरणं-जगणं त्या भांडणावर ठरतं. आपल्याकडे हे अवघड होतं का? एकाची आई साखर पेठेत अडकलीय, दुसऱ्याला तुळजापूर रोडने गाव सोडायचंय, आणि गाडीत पेट्रोल एकाच खेपेपुरतं. झालं की!

संवादांचंही तेच. ज्या शहरात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी कानावर पडते, तिथली पोरं पडद्यावर ‘आपल्याला येथून निघायला हवे’ म्हणतात. अरे, मागे झोंबी लागलाय! ‘काय करलालास बे, पळ की!’ एवढं पुरे.

सुरुवातीला बातमीदार बनलेला मित्र बराच वेळ व्हायरस समजावून सांगतो. ते कापा. २०२२ मध्ये ‘झोंबिवली’ हा मराठी झोंबीपट थिएटरला लागून गेला. चावलं की माणूस झोंबी होतो हे आता आजीलाही माहीत आहे. त्यापेक्षा आपले नियम कागदावर लिहा. झोंबी धावतो की फरफटतो? दाराची कडी काढू शकतो का? कशाने मरतो? इथे एक झोंबी जिन्यावर पाय ओढत येतो आणि पुढच्याच शॉटमध्ये मोटरसायकलला गाठतो. तिथे हॉलमध्ये हशा पिकला, आणि नंतर कुणीच घाबरलं नाही.

आता आवाज. अंधुक चित्र लोक चालवून घेतात. संवाद कळला नाही की पाचव्या मिनिटाला उठतात. निर्मनुष्य झालेलं शहर म्हणून दाखवलंय आणि मागे यंत्रमागाची खडखड स्पष्ट ऐकू येतेय, वर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. अक्कलकोट रोडच्या बाजूला शूट केलं तर दुसरं काय होणार? जागा ठरवताना डोळे मिटून पाच मिनिटं उभे राहा, आणि ज्या वेळी शूट करणार त्याच वेळी जा. कॅमेरा म्हणून वापरलेला मोबाइल दहा फुटांवर असतो, त्याच्या माइकवर विसंबू नका. दुसरा मोबाइल रेकॉर्डिंग चालू करून बोलणाऱ्याच्या शर्टाच्या खिशात ठेवा. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, एडिटिंगला दोन्ही आवाज त्या टाळीवर जुळवता येतात. पंखा, फ्रिज बंद. सगळ्यांना गप्प करून त्या जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट घेऊन ठेवा. दोन संवादांमधली भोकं त्यानेच बुजतात. भयाण संगीत संवादावर चढवायचा मोह आवरा.

ट्यूबलाइटखाली चित्रात काळे पट्टे सरकत असतील तर मोबाइल बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर, म्हणजे एका फ्रेमवर उजेड किती वेळ पडतो ते, हाताने ठरवता येणारं अॅप घ्या, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, लॉक करा, नाहीतर कुणी टॉर्च फिरवला की अख्खी फ्रेम उजळते-विझते.

रक्ताला टोमॅटो सॉस नको. केशरी दिसतो, आणि माश्या घोंगावतात त्या वेगळ्याच. घट्ट साखरेच्या पाकात खायचा लाल रंग, चिमूटभर कोको पावडर आणि निळ्याचा एखादा थेंब टाका. वाळत आलेलं रक्त काळपटच दिसतं. रोमेरोने चॉकलेट सिरप वापरलं, पण त्याचा पिक्चर कृष्णधवल होता, त्याला रंगाची चिंता नव्हती. शूटच्या उजेडात आधी कॅमेऱ्यातून बघा. होळीचा रंग तोंडाजवळ नको. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. दुपारी पिठाचा मेकअप घामाने ओघळणारच. पहाटे शूट करा.

सहा झोंबी मोकळ्या मैदानात उभे केले तर सहाच दिसतात. अरुंद बोळात, कॅमेऱ्यालगत एखादा खांदा, मागे अंधारात हलणारी डोकी, शर्ट बदलून तेच सहा जण पुन्हा: गर्दी तयार. भुईकोट किल्ला मोह पाडतो, पण तो पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, चित्रीकरणाला परवानगी लागते. आणि रात्री रक्तबंबाळ होऊन रस्त्यावर उतरणार असाल तर जवळच्या पोलीस ठाण्यात आधी कळवून ठेवा.

लांबी तर बोलायलाच नको. एक तास वीस मिनिटं! यातला पंचवीस मिनिटांचा पिक्चर चांगला आहे, खरंच. शेवटी गच्चीवर दोघंच उरतात, तो प्रसंग तर छान जमलाय. तिथवर पोचेपर्यंत मागच्या तीन रांगा रिकाम्या झाल्या होत्या, एवढंच.

एक चूक बघणाऱ्यांचीही. पोरं बाहेर येऊन विचारतात, ‘काका, कसा वाटला?’ आणि आपण ‘मस्त रे’ म्हणून चहाला निघतो. त्यापेक्षा कितव्या मिनिटाला मोबाइल बाहेर काढला ते सांगा. एडिटिंगला बसल्यावर त्यांना तोच आकडा उपयोगी पडेल.