गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर कसा पारखावा: आवाज आणि बांधणी

गिटारसाठी ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांनी (ट्यूब) आवाज वाढवणारा अ‍ॅम्प, घेताना दोन निवाडे करावे लागतात आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत. आवाज कसा आहे हे तासाभरात कळते. बांधणी कशी आहे हे मात्र काही वर्षांनी, अ‍ॅम्प दुरुस्तीसाठी उघडावा लागतो तेव्हा खऱ्या अर्थाने कळते. बहुतेक खरेदीदार पहिल्यावरच थांबतात, आणि बांधणीचा विचार केलाच तर ‘हाताने जोडलेला म्हणजे उत्तम’ एवढ्या एका समजुतीवर तो संपतो. दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे आणि ठरावीक क्रमाने तपासता येतात, त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण लागत नाही.

उदाहरणासाठी फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब समोर ठेवू. १९६३ साली बाजारात आलेला हा २२ वॅटचा अ‍ॅम्प ६व्ही६ जातीच्या दोन पॉवर ट्यूब (स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या मोठ्या ट्यूब) आणि १२ इंची एक स्पीकर यांवर चालतो. साठच्या दशकातील हातजोडणीचे जुने नग, १९९३ पासून मिळणारी सर्किट बोर्डावरची पुनर्निर्मिती आणि अलीकडची हातजोडणीची महाग आवृत्ती अशा तीन रूपांत एकच रचना ऐकायला मिळते, म्हणून तुलनेसाठी तो फार सोयीचा आहे. २०१९ साली आलेला टोन मास्टर डिलक्स रिव्हर्ब समोरून जवळजवळ हुबेहूब दिसतो. पण तो डिजिटल आहे, त्यात एकही ट्यूब नाही. वापरलेला अ‍ॅम्प घेताना मागून डोकावून ट्यूब प्रत्यक्ष पाहाव्यात.

पहिली पायरी: तयारी

आपली रोजची गिटार आणि आपलीच केबल सोबत न्यावी. कोणताही पेडल मध्ये जोडू नये. अ‍ॅम्प चालू केल्यावर काही मिनिटे तापू द्यावा, कारण थंड ट्यूबवर ऐकलेला आवाज निर्णयाला उपयोगी पडत नाही. टोनचे सर्व नॉब मध्यावर ठेवले म्हणजे अ‍ॅम्पचा मूळ स्वभाव ऐकू येतो, असे अनेकजण मानतात. ते बरोबर नाही. फेंडरच्या या रचनेत नॉब मध्यावर असतानाही मधले स्वर बरेच दबलेले असतात, आणि डिलक्स रिव्हर्बला तर मिडलचा वेगळा नॉबच नाही. त्यामुळे नॉब कुठे आहेत याकडे न पाहता कानाला योग्य वाटेल तिथे ते फिरवावेत, आणि तिथवर पोहोचायला किती खटपट करावी लागली हे लक्षात ठेवावे.

वॅटच्या आकड्यालाही वाजवीपेक्षा जास्त महत्त्व देऊ नये. वॅट दुप्पट झाले की आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल लागतात. म्हणजे फेंडरचाच ८५ वॅटचा ट्विन रिव्हर्ब २२ वॅटच्या डिलक्सच्या चौपट मोठा वाजत नाही. तो अधिक काळ स्वच्छ राहतो, हा त्याचा खरा फरक आहे. घरात किंवा छोट्या सभागृहात वाजवणाऱ्याला हा गुण बहुधा अडचणीचाच ठरतो, कारण ट्यूब जिथे रंगात येतात त्या पातळीपर्यंत तो अ‍ॅम्प कधी पोहोचतच नाही.

दुसरी पायरी: गिटार न जोडता ऐकणे

ही पायरी सर्वांत जास्त टाळली जाते आणि तिच्यातून सर्वांत जास्त माहिती मिळते. गिटार काढून ठेवावी, कारण सिंगल कॉइल पिकअप (गिटारवरील, तारांचे कंपन पकडणारी एकेरी वेटोळी) स्वतःच घुमतात आणि दोष उगाच अ‍ॅम्पवर जातो. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून स्पीकरजवळ कान न्यावा. हलकीशी घरघर बहुतेक ट्यूब अ‍ॅम्पमध्ये असतेच. ती खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचत असेल आणि व्हॉल्यूम वाढवल्यावरही तशीच राहत असेल, तर तिचा उगम वीजपुरवठ्याच्या फिल्टर कपॅसिटरांत (विजेतील लहर सपाट करणाऱ्या भागांत) किंवा पॉवर ट्यूबच्या असमान जोडीत असण्याची शक्यता मोठी असते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची असल्याने फिल्टरमधून सुटलेली घरघर १०० हर्ट्‌झची असते; ५० हर्ट्‌झची, म्हणजे एक सप्तक खालची घरघर आली, तर ट्यूब तापवणाऱ्या हीटरच्या तारा किंवा अर्थिंग यांकडे संशय वळवावा.

त्यानंतर व्हॉल्यूम हळूहळू वाढवावा. आता वाढणारी सळसळ अ‍ॅम्पच्या आतील पहिल्या टप्प्यातील, म्हणजे लहान ट्यूबची, असते आणि थोडी सळसळ स्वाभाविक आहे. तडतड किंवा मधूनच येणारे फटाके मात्र नाहीत. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) वाढवून पाहावा, ट्रेमोलो (आवाजाची लयबद्ध चढउतार) चालू करून पाहावा. या जुन्या रचनेत ट्रेमोलोची टिकटिक मागे ऐकू येणे हा ओळखीचा दोष आहे आणि तो दुरुस्त करता येतो. शेवटी लाकडी पेन्सिलीच्या टोकाने प्रत्येक लहान ट्यूबवर अगदी हलकेच टिचकी मारावी. स्पीकरमधून छोटासा टक् असा आवाज येणे ठीक आहे, पण काच घणघणत राहिल्यासारखा लांबलेला नाद आला तर ती ट्यूब बदलावी लागेल. हा खर्च थोडा असतो, त्यामुळे तेवढ्यावरून चांगला अ‍ॅम्प नाकारू नये. किंमत ठरवताना तो धरावा इतकेच.

तिसरी पायरी: स्वच्छ आवाज, मग फाटणारा आवाज

व्हॉल्यूम २ ते ३ दरम्यान ठेवून एकेक तार सुटी छेडावी आणि स्वर विझेपर्यंत ऐकावा. चांगल्या अ‍ॅम्पमध्ये स्वर सलग मावळतो, मध्येच खरखरत नाही. मग वरच्या फ्रेटवर, बाराव्याच्या पुढे, जोरात एकेक स्वर वाजवावा. मूळ स्वराखाली एक बेसूर, नको असलेला खालचा स्वर ऐकू आला, तर वीजपुरवठ्यातील उरलेली १०० हर्ट्‌झची लहर स्वरात मिसळते आहे असे समजावे. कपॅसिटर थकल्याची ही सर्वांत विश्वासार्ह खूण आहे, आणि घासाघीस करताना तिचा उपयोग होतो.

आता व्हॉल्यूम ४ च्या पुढे नेल्यावर डिलक्स रिव्हर्बचा आवाज फाटू लागतो. हंबकर (दुहेरी वेटोळ्यांचे जोरकस पिकअप) असलेल्या गिटारवर थोडा आधीच. ट्यूब अ‍ॅम्पसाठी जास्तीचे पैसे आपण याच टप्प्यासाठी मोजतो, म्हणून इथे घाई करू नये. बोटांचा जोर कमी-जास्त करावा, मग गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणावा. अ‍ॅम्पच्या एकाही नॉबला हात न लावता आवाज फाटक्याचा स्वच्छ झाला आणि त्यातला जीव गेला नाही, तर तो अ‍ॅम्प हाताचे ऐकतो. माझ्या मते गिटारच्या अ‍ॅम्पची याहून मोठी परीक्षा नाही. किती प्रकारचे आवाज निघतात या प्रश्नापेक्षा एकाच आवाजात वाजवणाऱ्याचा हात किती उमटतो हा प्रश्न कितीतरी महत्त्वाचा आहे.

जोरदार कॉर्डनंतर काय होते तेही ऐकावे. डिलक्स रिव्हर्बमध्ये रेक्टिफायरचे, म्हणजे एसी विजेचे डीसी करण्याचे, काम जीझेड३४ ही ट्यूब करते. जोराचा ठोका आला की व्होल्टेज क्षणभर खाली बसते आणि पुन्हा वर येते, त्यामुळे स्वर किंचित दबून मग फुलतो. ट्विन रिव्हर्बमध्ये त्या जागी डायोड असल्याने ठोका कडक आणि तत्काळ लागतो. यात चांगले-वाईट काही नाही, ती आवडीची बाब आहे. कॉर्डनंतर आवाज गुदमरून क्षणभर गायब होत असेल आणि मग अडखळत परतत असेल, तर तो मात्र दोष आहे.

चौथी पायरी: तुलना

दोन अ‍ॅम्पची तुलना करताना दोघांची पातळी समान केल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये. किंचित मोठा वाजणारा अ‍ॅम्प कानाला नेहमीच भरदार आणि स्पष्ट वाटतो. मोबाइलवरील डेसिबल मोजणारे अ‍ॅप त्यासाठी पुरते. फोन एकाच जागी ठेवावा आणि एकच कॉर्ड सारख्या जोराने वाजवावी. बारा इंची स्पीकरचे तीव्र स्वर समोरच्या बाजूला झोतासारखे जातात, म्हणून अ‍ॅम्प जमिनीवर ठेवून गुडघ्याशी ऐकलेला आवाज आणि श्रोत्याला ऐकू येणारा आवाज वेगळा असतो. एकदा समोर बसून आणि एकदा बाजूला उभे राहून ऐकावे. वाजवायला मित्राला बसवून, पाठ करून, कोणता अ‍ॅम्प चालू आहे हे न कळता ऐकता आले तर फारच उत्तम.

स्पीकर वेगळे असतील तर तुलना अ‍ॅम्पची न राहता स्पीकरचीच होते. दोन्ही अ‍ॅम्प आळीपाळीने एकाच स्पीकरला जोडावेत, मात्र ओहमचा (स्पीकरच्या विद्युत रोधाचा) आकडा जुळला पाहिजे. डिलक्स रिव्हर्बला ८ ओहम लागतात. जोडणी बदलण्यापूर्वी अ‍ॅम्प बंद करावा. स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीही वाजवू नये. भार नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये (पॉवर ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या) उसळणारे व्होल्टेज त्याची गुंडाळी जाळू शकते.

पाचवी पायरी: बांधणी

बाहेरून बरेच काही दिसते. ट्यूब सॉकेटमध्ये घट्ट बसल्या आहेत का, नॉब फिरवताना दांडा डुगडुगतो का, गिटारची पिन जॅकमध्ये ठामपणे बसते का, हे हातानेच कळते. ट्रान्सफॉर्मरकडे नीट पाहावे: अ‍ॅम्पच्या वजनाचा आणि किमतीचा मोठा वाटा त्यांचा असतो, आणि स्वस्त अ‍ॅम्पमध्ये पहिली काटकसर इथेच होते. लहान आउटपुट ट्रान्सफॉर्मर असला की खालचे स्वर सैल आणि पातळ होतात, हे जाड तारेवर लगेच ऐकू येते.

अ‍ॅम्प स्वतः उघडू नये. डिलक्स रिव्हर्बच्या आत ४०० व्होल्टहून अधिक डीसी असतो आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये प्राणघातक भार साठून राहू शकतो. आतील फोटो मागवावेत किंवा ट्यूबचे काम जाणणाऱ्या तंत्रज्ञाकडून उघडून घ्यावा. त्याला विचारायचे प्रश्न मात्र आपल्याला माहीत असावेत. पॉवर ट्यूबची सॉकेट धातूच्या चॅसिसवर (सांगाड्यावर) बसवली आहेत की थेट सर्किट बोर्डावर सोल्डर केली आहेत? जॅक आणि पोटेन्शिओमीटर (नॉबखालचे भाग) नटांनी चॅसिसला आवळले आहेत की बोर्डावरच टांगले आहेत? एखादा भाग बदलायला सगळा बोर्ड उचकटावा लागेल का? बायस (पॉवर ट्यूबमधून वाहणारा स्थिर प्रवाह ठरवणारे व्होल्टेज) तपासायला आणि जुळवायला सोय आहे का?

हातजोडणी विरुद्ध सर्किट बोर्ड या वादाचे उत्तर या प्रश्नांतच आहे. जाड फायबरग्लासचा, रुंद तांब्याच्या पट्ट्यांचा, उष्णतेपासून दूर ठेवलेला बोर्ड अनेक दशके टिकतो. पातळ बोर्डावर तापणारी ट्यूब थेट बसवली, तर रोज तापण्या-निवण्याने सोल्डरचे सांधे तडकतात आणि पट्ट्या सुटतात. उलट, तारांचे जंजाळ करून ठेवलेली, निस्तेज आणि दाणेदार सांध्यांची हातजोडणी केवळ हातची आहे म्हणून चांगली ठरत नाही. नेटक्या हातजोडणीचा खरा फायदा दुरुस्तीच्या सोपेपणात आहे, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजणे मला योग्य वाटते; ते आवाजासाठी मोजत आहोत, असे मात्र समजू नये.

सहावी पायरी: वीज आणि सुटे भाग

परदेशातून आलेल्या अ‍ॅम्पवर १२० व्होल्ट लिहिलेले असेल तर तो आपल्या २३० व्होल्टवर थेट लावता येत नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि त्याची क्षमता अ‍ॅम्प वीज किती खेचतो त्या पाटीवरील वॅटपेक्षा दीडपट तरी असावी. शिवाय ६० हर्ट्‌झपुरताच बनवलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्‌झवर जास्त तापतो, म्हणून पाटीवर ५० आणि ६० दोन्ही आकडे आहेत का ते पाहावे. जुन्या अमेरिकन अ‍ॅम्पला दोन पिनांची वायर असेल तर अर्थिंगसह तीन पिनांची वायर बसवून आणि वीजवाहिनी व चॅसिस यांना जोडणारा जुना कपॅसिटर काढूनच तो वापरावा. तो कपॅसिटर बिघडला तर गिटारच्या तारांना वीज येते. मुंबईत किंवा कोकणात वापरलेल्या अ‍ॅम्पच्या जॅकवर, सॉकेटच्या पिनांवर आणि स्क्रूवर गंज आहे का, हेही पाहावे.

ट्यूब मिळण्याची चिंता नेहमीच्या जातींबाबत करू नये. १२एएक्स७, ६व्ही६, ६एल६, ईएल३४ आणि ईएल८४ यांचे उत्पादन रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये चालू आहे. एखाद्या अ‍ॅम्पमध्ये उत्पादन थांबलेली ट्यूब असेल, तर तो कितीही गोड वाजला तरी सुट्या ट्यूबचा साठा सोबत मिळत असेल तरच घ्यावा.

सर्व तपासणी झाल्यावर अ‍ॅम्प अर्धा तास सलग वाजवावा आणि खोलीतील दिवे मालवून पॉवर ट्यूबकडे पाहावे. आतील हीटरची नारिंगी चमक अपेक्षित आहे. बाहेरची राखाडी धातूची प्लेटच लाल होत असेल, तर अ‍ॅम्प लगेच बंद करावा, आणि बायस व कपलिंग कपॅसिटर (टप्प्यांमधून आवाज पुढे जाऊ देऊन डीसी अडवणारे भाग) तपासून मिळेपर्यंत व्यवहार करू नये.