मे फ्लॉवरची कुंडी रिकामी नसते

मे फ्लॉवर, म्हणजे फुटबॉल लिली, लावणं अजिबात अवघड नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये छोट्या कांद्याएवढा, दाबून घट्ट लागणारा कंद घ्या. आठ इंची कुंडीत लाल माती, शेणखत आणि मूठ-दोन मूठ जाडी वाळू घाला, कंदाची मान मातीवर दिसेल इतपतच पुरा. झालं. खरी परीक्षा पुढच्या हिवाळ्यात असते.

नोव्हेंबर-डिसेंबरात पानं पिवळी पडू लागतात आणि माणसाचा हात आपोआप मगाकडे जातो. घोडबंदरला राहायला आल्यावर पहिल्या वर्षी मीही तेच केलं. पानं पिवळी म्हणून पाणी वाढवलं, वर गांडूळखत टाकलं. मार्चमध्ये बोटाने माती उकरली तर कंदाचा लगदा झालेला, सडक्या कांद्याचा वास. दुसऱ्या वर्षी पाणी तोडलं, तर सासूबाईंनी ‘कुंडी उगाच रिकामी कशाला’ म्हणून त्यात धणे पेरले आणि रोज शिंपडलं. कोथिंबीर छान आली. कंद गेला.

तेव्हा नीट ऐका. हिवाळ्यात हे झाड झोपी जातं. पानं वाळतात, पण कंद मातीखाली जिवंत असतो. पानं पिवळी दिसली की पाणी कमी करत आणायचं. हिरवं पान कापायचं नाही. त्यातला शेवटचा जीव कंदात उतरायचा असतो. पान कागदासारखं वाळलं आणि हलक्या हाताने निघून आलं, की एक थेंबही पाणी नको. ‘आठवड्यातून एकदा थोडंसं’ हा सल्ला देणाऱ्यांनी आपले कंद दाखवावेत. कुंडी सावलीत, वारा लागेल अशी ठेवा, पण एसीच्या ठिबकणाऱ्या नळीखाली नाही. आणि घरातल्या सगळ्यांना सांगा, कुंडीवर चिठ्ठी चिकटवा.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास रोज डोकावायला लागा. मातीतून जाडसर टोक वर आलं, बुडाशी लालसर ठिपके दिसले, की मग भरपूर पाणी. अर्धा मे उलटूनही काही दिसलं नाही तर एक मग घालून वाट पाहा. उकरून बघू नका.

फूल आठवडा-दहा दिवस टिकतं. तो चेंडू म्हणजे एक फूल नव्हे, दांड्यावर गोलाकार उमललेली शंभरावर बारीक फुलं. सुकलं की दांडा कापा, पानं राहू द्या. पुढच्या वर्षीची कळी या पानांच्या जोरावर कंदातच तयार होते, म्हणून पावसाळाभर त्यांना उजेड हवा, महिन्याला मूठभर खत हवं. ‘पानं मस्त आली, फूल नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा अंधाऱ्या ग्रिलमधली असते. आपल्याकडे जुलैत पाऊस थांबायचं नाव घेत नाही, तेव्हा कुंडीखालची ताटली काढून टाका. काळ्या-ठिपकेदार अळ्या दिसल्या तर हाताने वेचा. दोन रात्रींत पान फस्त करतात.

दरवर्षी कुंडी बदलायची हौस नको, दाटीत हे झाड खूश असतं. तीनेक वर्षांनी पिल्लं सोडवा, तीही झोपेच्या काळात. हातमोजे घाला, रसाने खाज सुटते. कंद विषारी आहे, घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा. छोट्या पिल्लाला फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात.