फिरायच्या-सायकलच्या ट्रॅकजवळ घर घेताना: दारापासून ट्रॅकपर्यंतचा रस्ता आधी तपासा

एजंट "ट्रॅक पाच मिनिटांवर आहे" म्हणतो तेव्हा ती गाडीवरची पाच मिनिटं असतात. म्हणजे दोन-अडीच किलोमीटर, पायी अर्धा तास. रोज जायचं असेल तर ट्रॅकचं फाटक घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत, म्हणजे ७०० ते ८०० मीटरवर हवं. सायकलला दोन किलोमीटरही चालतील. अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजू नका, खरोखर चालून मोजा. मधे नाला, रेल्वे रूळ किंवा लांबलचक कंपाउंड असेल तर ३०० मीटरचे हजार मीटर होतात.

ट्रॅक कितीही देखणा असला तरी निर्णय त्याच्यावर सोडू नका. जाणं सुटतं ते मधल्या रस्त्यामुळे, त्यातही एखादा मोठा रस्ता ओलांडावा लागत असेल तर हमखास. संभाजीनगरात सातारा-देवळाई आणि शहर यांच्या मधे बीड बायपास आहे. जालना रोडच्या दोन्ही बाजूंना वस्ती आहे. प्रत्येक शहरात असा एखादा रस्ता असतोच. त्याचा हिशोब साधा आहे. दुभाजकापर्यंतची रुंदी ७ मीटर धरली तर म्हातारं माणूस ती पार करायला आठ सेकंद घेतं. ताशी ५० किलोमीटरने येणारं वाहन तेवढ्या वेळात ११० मीटर अंतर कापतं. म्हणून कडेला उभं राहून येणाऱ्या वाहनांच्या दिशेला ११० मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं का ते बघा. वळण, जाहिरातीचा फलक किंवा उभ्या ट्रॅव्हल्स आड येत असतील आणि सिग्नलही नसेल, तर ते घर लहान मुलांसाठी आणि आजी-आजोबांसाठी ट्रॅकजवळचं नाही. दुभाजकात थांबायला किमान दीड मीटर जागा आहे का, तेही बघा. सायकल धरून उभं राहायला तेवढी लागतेच.

हा रस्ता एकदा बघून कळत नाही. चार वेळा जा: पहाटे साडेपाचला, सकाळी साडेआठला, रात्री आठला आणि आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी. आपल्याकडे मराठवाड्यात मे अखेरीस पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, पण जानेवारीच्या सुरुवातीला सात वाजून जातात. उन्हाळ्यात निर्धास्त वाटणारी वाट हिवाळ्यात सहा वाजता काळोखात असते. दिवे तपासायचे तर खांबाखाली उभं राहू नका, दोन खांबांच्या बरोबर मधे उभे राहा. समोरून येणाऱ्याचा चेहरा चार मीटरवरून ओळखू आला पाहिजे. पंधरा मिनिटं तिथेच थांबून एकट्या फिरणाऱ्या बायका किती जातात ते मोजा. पहाटे आणि रात्री दोन्ही वेळा एकही दिसली नाही, तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. बहुतेकदा दोन्ही बाजूंना बंद भिंत असते, २००-२५० मीटरपर्यंत बाहेर पडायला वाट नसते, किंवा कोपऱ्यावर टोळकं बसलेलं असतं. कचराकुंडी आणि मटण-चिकनची दुकानं कुठे आहेत तेही टिपा, कुत्र्यांची टोळी तिथेच जमते.

आता जमीन. मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पुरेसा मुरूम न दाबता पेव्हर ब्लॉक बसवले की दोन-तीन पावसाळ्यांत काही ब्लॉक खचतात, काही वर येतात. दोन सेंटिमीटर वर आलेल्या कडेला चप्पल अडकते आणि माणूस तोंडावर पडतं. वाकून बघा: ब्लॉकमधल्या फटी सारख्या आहेत की एकीकडे बोटभर रुंद आणि दुसरीकडे बंद? फटी वाकड्या झाल्या असतील तर खालचा थर हलला आहे, वरून डागडुजी करून तो टिकणार नाही. चालण्यासाठी नीट दाबलेला मुरूम उत्तम, गुडघ्यांनाही बरा. पण उघड्या काळ्या मातीची वाट असेल तर मृगाचा पाऊस पडल्यावर दुसऱ्या दिवशी बघायला जा. सायकलच्या मडगार्डमध्ये चिखल भरून चाक फिरत नाही, हे तेव्हाच कळतं. फुटपाथची मोकळी रुंदी टेपने मोजा. खांब, विजेच्या डीपी आणि टपऱ्या सोडून १.८ मीटर मिळाली पाहिजे. फाटकात दुचाकी अडवायला लोखंडी खांब रोवलेले असतील तर मधलं अंतर ९० सेंटिमीटर तरी हवं, नाहीतर व्हीलचेअर अडते.

सायकलवाल्यांनी कडेचं गवत बघावं. सराटे पसरले असतील किंवा वेडी बाभूळ छाटून तिथेच टाकलेली असेल तर महिन्याला दोन-तीन पंक्चर ठरलेले. सराट्याचं काटेरी फळ कसंही पडलं तरी एक काटा वर राहतो आणि टायरमध्ये सरळ घुसतो. घरी आल्यावर चाक हळूहळू फिरवून काटे रोज काढले तर बरेच पंक्चर टळतात, कारण काटा लगेच ट्यूबपर्यंत पोचतोच असं नाही, पुढच्या फेऱ्यांत तो आत सरकत जातो. गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने असतील तर पुढचं चाक अडकतं. अशी जाळी रोजच्या वाटेवर असेल तर मोठा दोष समजा.

सावली पूर्वेकडून हवी, कारण एप्रिल-मेमध्ये सातनंतरचं ऊन तिकडूनच लागतं. कडुनिंब, करंज, वड चांगले. गुलमोहराच्या फांद्या वळवाच्या वाऱ्यात मोडतात, त्याखालचं बाकडं टाळा.

पाण्याचा प्रश्नही इथेच येतो. नळाला कितव्या दिवशी आणि किती वाजता पाणी येतं ते शेजाऱ्यांना विचारा. पाणी पहाटे येत असेल तर त्या दिवशी फिरणं होत नाही. वस्ती टँकरवर असेल तर सकाळी सहा ते नऊ टँकर अरुंद गल्लीत रिव्हर्स घेत येत असतात, आणि मागचं लहान मूल चालकाला दिसत नाही.

ट्रॅक कोणाच्या जागेवर आहे? संभाजीनगरचा विद्यापीठ परिसर किंवा परभणीचा कृषी विद्यापीठ परिसर फिरायला छान, पण ती संस्थांची हद्द आहे. फाटकाच्या वेळा आणि सायकलला परवानगी आहे का ते तिथेच विचारा, आणि तेवढ्याच भरवशावर जास्तीचा भाव देऊ नका. पालिकेची म्हणून दाखवलेली पट्टी असेल तर नगररचना विभागातून विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्या. तिथे उद्यानाचं आरक्षण आहे की २४ मीटरचा रस्ता, ते त्यावर दिसतं. रस्ता असेल तर आजचा ट्रॅक कधीतरी जाणार, असं धरूनच चाला.

नदीकाठी, मग ती नांदेडची गोदावरी असो की संभाजीनगरची खाम, प्लॉट पूररेषेच्या कुठे आहे ते बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतलं घर स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. ट्रॅक पुरात गेला तर गाळ काढून पुन्हा वापरता येतो, घराचं तसं नसतं.

संभाजीनगरात सिडकोच्या जुन्या एन-सेक्टरमध्ये (एन-१, एन-२ वगैरे) उद्यानं आणि आतले रस्ते आधीच आखलेले आहेत, त्यामुळे दारातून निघून मोठा रस्ता न ओलांडता फेरी मारता येईल अशी घरं तिथे शोधता येतात. गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवरच्या वस्तीत प्लॉट नियमित झाला तरी गल्ली रुंद होत नाही आणि मोकळी जागाही नव्याने तयार होत नाही. मंजूर लेआउट एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठा असेल तर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती नकाशात कुठे दाखवली आहे ते बघा आणि प्रत्यक्ष जाऊन खात्री करा. पुष्कळदा तिथे मंदिर, पाण्याची टाकी किंवा कोणाची तरी गुरं असतात.

इसार देण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाला घेऊन ती वाट एकदा संध्याकाळी चालून या. ते जिथे थबकतील किंवा तुमचा हात धरतील ती जागा लिहून ठेवा. अशा जागा दोनपेक्षा जास्त निघाल्या तर पुढचं घर बघा.