बँकेचं जमा ते आपलं नावे: टॅलीत स्टेटमेंट चढवताना या चुका टाळा

मार्च संपला की दारव्ह्यात माझ्या टेबलावर एकच दुखणं येतं. बँकेचं स्टेटमेंट एक्सेलमधून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरात चढवलं, अन् सगळं उलटं बसलं.

स्टेटमेंटातलं 'क्रेडिट' बँकेच्या वहीतलं असतं. तुम्ही भरलेला पैसा हे बँकेचं देणं, म्हणून तिच्याकडे तो जमा. तुमच्या वहीत मात्र बँकेकडून तुमचं येणं, म्हणून तिथे बँक नावे, म्हणजे डेबिट. नवी पोरं कॉलमचं नाव पाहून जसंच्या तसं जोडतात अन् चहाला जातात.

एका कृषी सेवा केंद्राचे सहा महिने असेच चढले होते. आरंभीची शिल्लक ४०,०००, आलेले ६,८०,०००, गेलेले ६,५०,०००. बँकेत ७०,०००, टॅलीत १०,०००. शिल्लक उणे गेली असती तर कोणाच्या तरी डोळ्यात खुपली असती. मालकाला शंका आली ती खताच्या वितरकाचं खातं पाहून. "भाऊ, पैसे देऊन राह्यलो अन् बाकी वाढूनच राह्यली!" दिलेली प्रत्येक रक्कम पावती म्हणून, म्हणजे त्याच्याकडून आलेली म्हणून बसली होती, बाकी वाढणारच. मी फरक काढला, ६०,०००. अर्धा केला, ३०,०००. आलेल्या-गेलेल्यात अंतरही तेवढंच. म्हणजे सगळंच उलटं. एकच नोंद उलटली असेल तरी फरकाचा अर्धा करून तो आकडा शोधा, बहुतेकदा सापडतो.

पोरगं म्हणे, एक जर्नल, म्हणजे फरकाची एकच नोंद मारून जुळवून टाकू. शिल्लक जुळली असती, वितरकाचं खातं तसंच राहिलं असतं. मी जुना बॅकअप परत घ्यायला लावला. तेव्हापासून आधी दहाच ओळी चढवतो, दहाव्या ओळीची शिल्लक ताडतो, मग बाकीच्या. घाई असलेल्यांनी दुसरा माणूस पाहावा.

सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जखात्याच्या शिल्लकेपुढे 'डीआर' (डेबिट) दिसलं तर ते कर्ज आहे, टॅलीत क्रेडिट यायला हवं.

बँकेतून काढलेली रोकड खर्चात टाकू नका, कॉन्ट्रा करा, म्हणजे बँक-रोख अदलाबदलीची नोंद.

०५/०४ चं एक्सेल कधी ४ मे करतं, तारखा आधी पाहा.

लाल वहीत जमा डावीकडे असे, टॅलीत डावीकडे डेबिट. जुने दिवाणजी इथेच अडखळतात, त्यांना मी हसत नाही.

अन् ते 'सध्या सस्पेन्समध्ये टाकू', म्हणजे कशाची ते न कळलेली नोंद तात्पुरत्या खात्यात. मागच्या दिवाळीतल्या अशा ४३ नोंदी अजून माझ्याकडे पडून आहेत.