लाइट गेल्यानंतर ड्राइव्ह उघडेना? आधी हे करून बघा

उन्हाळ्यात सोलापुरात लाइट गेली की कॉम्प्युटर फटकन बंद, आणि परत चालू केल्यावर फोल्डर उघडताना हिरवी पट्टी नुसती सरकत राहते. आमच्या चादरीच्या दुकानात हेच झालं; बिलांची एक्सेल फाइल उघडेचना. लगेच नवीन डिस्क घ्यायला धावू नका.

१. निघतील तेवढ्या फाइली आधी पेनड्राइव्हवर काढा. इथे कंटाळा नको.

२. 'धिस पीसी'मध्ये त्या ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. 'स्कॅनची गरज नाही' असं आलं तरी 'स्कॅन ड्राइव्ह' दाबाच.

३. तेवढ्याने भागलं नाही तर स्टार्टमध्ये सीएमडी शोधून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा. काळ्या खिडकीत इंग्रजीत सी-एच-के-डी-एस-के, स्पेस, डी आणि लगेच कोलन, पुन्हा स्पेस, मग तिरकी रेघ (/) आणि आर. एंटर. ही विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची आज्ञा. (चुका दुरुस्त करायला काही जण 'तिरकी रेघ एफ' टाकतात; ते वेगळं टाकायची गरज नाही, आरमध्ये ते काम होतंच.) सी ड्राइव्हसाठी डीच्या जागी सी टाका, मशीन विचारेल तेव्हा वाय दाबून रीस्टार्ट करा.

१ टीबीच्या जुन्या डिस्कला कित्येक तास लागतात. टक्के एकाच आकड्यावर अडकल्यासारखे दिसतात, तरी बटण दाबून बंद करू नका. आम्ही दुकान बंद करताना लावून गेलो, तेही यूपीएसवर.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र यातलं काहीच करू नका. मशीन बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्याकडे न्या.