दम लागतोय? ऑक्सिजनच्या आधी करायच्या गोष्टी

घरात फुफ्फुसाच्या कॅन्सरचं पेशंट आहे आणि आजार पुढं गेलाय त्यांच्यासाठी लिहितेय. कॅन्सर बरा होणार नाही म्हणून दम पण तसाच राहणार असं धरून बसू नका. दम कशानं वाढला ते आधी डॉक्टरांना विचारा, फुफ्फुसाभोवती पाणी साठलं असेल तर काढता येतं, इन्फेक्शन असेल, रक्त कमी असेल तर त्यावर पण इलाज असतो.

घरात एक चार्जिंगचा छोटा फॅन आणून ठेवाच. तोंडापासून वीतभर लांब धरून वारा नाकावर, गालावर, वरच्या ओठावर घ्यायचा, तिथल्या नसांना गार वारा लागला की दम लागल्याची जाणीव कमी होते. छताच्या पंख्यानं तसं होत नाही.

आडवं झोपवू नका. पुढं टेबल, त्यावर उशी, हात टेकून पुढं झुकून बसवायचं, खांदे सैल. श्वास नाकानं घ्यायचा आणि फुंकर घातल्यासारखा सावकाश सोडायचा. आणि सगळ्यांनी मिळून "श्वास घे, श्वास घे" करू नका हो, माणूस अजून घाबरतं आणि घाबरलं की दम अजून वाढतो, एकानंच जवळ बसावं, बाकीच्यांनी बाहेर. आंघोळ स्टुलावर बसून.

रक्तातल्या ऑक्सिजनची लेव्हल नॉर्मल असूनही दम लागतो, तो खोटा नसतो, पण अशा वेळी ऑक्सिजनचा फारसा उपयोग होत नाही. लेव्हल खरंच कमी असेल आणि घरी ऑक्सिजनचं मशीन दिलं असेल तर लाइट गेल्यावर चालेल असा भरलेला सिलेंडर जवळ पाहिजेच, आपल्या सांगलीकडं गावात लाइटचा काय भरवसा. ऑक्सिजन असेल त्या खोलीत समई, उदबत्ती, विडी काही नको, आग भडकते. शेजारच्या रानात पाचट पेटवलं की खिडक्या लावून घ्या.

एवढं करूनही दम बसत नसेल तर पॅलिएटिव्हच्या (म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या) डॉक्टरांना मॉर्फिनबद्दल, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या दुखणं कमी करणाऱ्या औषधाबद्दल विचारा. नाव ऐकूनच लोक नको म्हणतात, पण दमासाठी ते अगदी थोड्या डोसमध्ये देतात, त्यानं माणूस व्यसनी होत नाही. संडास घट्ट होते म्हणून त्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. डोस मनानं वाढवायचा नाही, फार गुंगी वाटली तर लगेच फोन.

दम एकदम वाढला, छातीत दुखलं, एकच पाय सुजला, तोंड-मान सुजली किंवा खोकल्यातून रक्त आलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच मिरजेला किंवा जवळ असेल त्या दवाखान्यात न्या, फाईल आणि गोळ्यांची पिशवी सोबत घ्या.